जांभ्याची भिंत, सिमेंटच्या दरजा आणि चुन्याकडे परत: खानापूर तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटी पट्ट्यातलं. जोतं काळ्या दगडाचं, त्यावर जांभ्याचे चिरे, भिंतीची जाडी दोन फुटांना थोडी कमी. आतली आणि बाहेरची अशा दोन फळ्या, म्हणजे चिऱ्यांचे दोन उभे थर, मध्ये दगडगोट्यांची आणि चुन्याची भर. माजघराच्या तुळईवर शके १८४६ कोरलंय, म्हणजे १९२४-२५. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, ते साल. हा आकडा नुसता मिरवायला सांगत नाही. पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला १९१४ मध्ये, त्यामुळे त्यानंतर दहाच वर्षांनी घाटमाथ्यावरच्या खेड्यात कुणी सिमेंटनं भिंत बांधली असेल, ही शक्यता जवळजवळ नाहीच. भिंत चुन्याचीच असणार, हे दाराशी गेल्या गेल्या समजून चालायचं होतं.

पण बाहेरून पाहिलं तर दिसत होतं फक्त सिमेंट. पश्चिमेच्या भिंतीवर प्रत्येक चिऱ्याभोवती करंगळीएवढा जाड, गोलसर उठाव. काही वर्षांपूर्वी घराची डागडुजी झाली तेव्हा गवंड्यानं दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, वरवर खरवडून एकास तीन सिमेंट-वाळूच्या मालाचा हा उठाव काढून दिला होता. नवा असताना तो देखणा दिसला असणार. त्या काळात आपल्याकडे ती फॅशनच होती. बेळगाव-खानापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अशा किती भिंती आहेत ते मोजायला बसलं तर गाडी पुढं सरकायची नाही.

तक्रार काय होती

काकांनी, म्हणजे घरमालकांनी, बोलावलं ते ओलीसाठी. आतल्या बाजूला गुडघ्यापासून कमरेपर्यंत गिलावा फुगून सुटत होता, त्याखाली पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, आला होता. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढून ठेवलं होतं, तरी आतल्या कपड्यांना वास. काकूंचं म्हणणं एकच, पण नेमकं होतं: "पयलं पावसात भिंत भिजायची, दिवाळीपातूर वाळायची. आता वाळतच न्हाई." पूर्ण प्रकरणात याहून चांगलं निदान कुणी केलं नाही, मीसुद्धा नाही. जुनी भिंत भिजतेच. ती वाळायची थांबली, हा आजार.

घरात दोन मतं होती. पुण्यात असणाऱ्या धाकट्या भावाला उरलेले उठाव काढून सगळ्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंग हवा होता. "एकदाच काय तो खर्च करूया दादा, परत बघायला नको." काकांना भिंतीचा दगड दिसायला हवा होता. गावातला मेस्त्री मधला मार्ग सुचवत होता: दरजा पुन्हा सिमेंटनंच भरायच्या, मालात वॉटरप्रूफिंगचं रसायन टाकायचं.

भिंतीनं काय सांगितलं

उन्हात तिरपं उभं राहून भिंतीकडे पाहिलं की सगळं कळत होतं. सिमेंटचे उठाव जागच्या जागी, आणि त्यांच्या मधले चिरे आत गेलेले. काही ठिकाणी बोटाचं पेर आत जाईल इतके. मूळ दरजा आत आणि दगड पुढं अशी भिंत होती. आता दरजा पुढं आणि दगड मागं. चिऱ्यावर तळहात फिरवला की तांबडी भुकटी हाताला लागायची, नखानं खरवडलं की कण सुटायचे. जोत्याच्या काळ्या दगडाला मात्र काहीही झालं नव्हतं, कारण तो पाणी पीतच नाही. तिथले उठाव नुसते सुटून पोकळ वाजत होते.

याचं कारण साधं आहे. जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी चिऱ्यातून, दरजेतून, जमिनीतून भिंतीत शिरतं आणि ऊन पडलं की जिथून वाट सोपी तिथून बाहेर पडतं. दरज चुन्याची असेल तर ती वाट दरजेतून जाते, कारण चुना दगडापेक्षा जास्त श्वास घेतो. पाण्याबरोबर येणारे क्षार तिथंच स्फटिक होऊन फुगतात आणि झिजते ती दरज. पन्नास-साठ वर्षांनी ती पुन्हा भरायची. दरज असतेच त्यासाठी, दगडाच्या वाटणीचं मरण आपल्या अंगावर घ्यायला. तिथं सिमेंट भरलं की ती वाट बंद होते आणि पाणी दगडातून बाहेर पडायला लागतं. क्षार दगडाच्या कातडीखाली फुगतात आणि दगड सोलवटतो. जे पाणी बाहेरून निघू शकत नाही ते आत, माजघराकडे निघतं. वर सिमेंट कडक: उन्हानं तापलं, पावसानं गार झालं की भिंतीबरोबर हलत नाही, कडेला केसाएवढी फट पडते. त्या फटीतून पाणी आत जातं, बाहेर येत नाही.

म्हणजे धाकट्या भावाचा उपाय हा याच चुकीची मोठी आवृत्ती होता. फोनवर त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग सगळी पुण्याची बांधकामं चुकीची काय?" चुकीची नाहीत. ती सिमेंटची आहेत, आरपार. प्रश्न कडक आणि मऊ यांच्या जोडीचा आहे.

खात्रीसाठी हातभर जागेतला उठाव काढला. छिन्नी लावल्यावर सिमेंट निघालं, पण त्याच्या पाठीला जांभ्याचा पापुद्रा चिकटून आला. त्यामागं जुना चुना ओला, चिमटीत धरला की चुरा. मेस्त्री म्हणाला, "भिंत आतनं पाणी सोडूलालीय बघा." वैशाखातलं ऊन होतं, पाऊस पडून सात महिने झालेले.

आधी पाणी, मग दरजा

चुन्याचं नाव काढण्याआधी भिंतीत पाणी का येतं ते बघावं लागतं, आणि इथं दोन कारणं उघडी होती. डागडुजीच्या वेळी वाशांची कुजलेली टोकं कापून टाकली होती, त्यामुळे पश्चिमेची वळचण वीतभर आखूड झाली. पागोळ्या जोत्याच्या पुढं पडायच्या त्या थेट जोत्यावर पडायला लागल्या. दुसरं, अंगणात काँक्रीट घातलं होतं ते भिंतीला अगदी चिकटून, आणि उतार भिंतीकडं. पाणी काँक्रीटवर आपटून कमरेएवढ्या उंचीपर्यंत भिंतीवर उडायचं. आतल्या ओलीची रेघ आणि बाहेरच्या शिंतोड्यांची रेघ जवळपास एकाच उंचीवर होती.

वाशांना जोड देऊन वळचण पुन्हा बाहेर काढली. भिंतीलगतची दीड फूट रुंदीची काँक्रीटची पट्टी फोडली, तिथं चर काढून खडी भरली आणि चराला गटारीकडं उतार दिला. हे काम कंटाळवाणं, फोटोत न दिसणारं, आणि निम्मा फरक यानंच पडला असं माझं मत आहे. नुसत्या दरजा चुन्यानं भरल्या असत्या आणि पागोळ्या तशाच ठेवल्या असत्या, तर पहिल्याच आषाढात चुना वाहून गेला असता आणि गावभर झालं असतं की चुना काही टिकत नाही.

जुना माल कसला होता

नवा माल जुन्याच्या नात्यातला हवा, म्हणून नमुना घेतला. तो पश्चिमेच्या भिंतीतून नाही, कारण तो भिजून बिघडलेला. माळ्यावर, जिथं कधी पाणी पोचलं नाही अशा जागेतून. तिथला चुना घट्ट, पांढरट गुलाबी. त्याचा खडा काचेच्या पेल्यात व्हिनेगरमध्ये टाकला. फसफस झाली, रात्रभरात खडा विरघळून बसला. शेजारच्या पेल्यात सिमेंटच्या उठावाचा तुकडा ठेवला होता. त्याला थोडे बुडबुडे आले पण सकाळी तो आहे तसा होता. पाणी बदलून बदलून गाळ धुतला, खाली उरली नदीची भरड वाळू आणि बरीचशी तांबडी भुकटी.

इथं घाई करून चालत नाही. तांबडं म्हणजे सुरखी (भाजलेल्या विटा-कौलांची पूड) असं लगेच लिहून मोकळं व्हायचा मोह होतो, पण जांभ्याच्या मुलखात सगळंच तांबडं. जांभ्याचा भुगा ओल्या बोटात चोळला की चिखल होतो आणि बोट रंगतं. सुरखीचे कण भाजलेल्या मातीचे. चोळले तरी कण राहतात, भिंगाखाली त्यांच्या कडा धारदार दिसतात. पेल्यात दोन्ही होतं, पण सुरखी भरपूर होती. बांधणाऱ्यांना माहीत होतं ते काय करतायत. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, आणि ते हळूहळू, बाहेरून आत. जाड, सतत दमट भिंतीच्या पोटात हवा पोचायलाच वेळ लागतो. सुरखी घातली की चुना तिच्याशीही बांधला जातो आणि ओलीतही धरतो. खानापूरच्या पावसात त्याशिवाय चालणारं नव्हतं.

चुना, सुरखी, वाळू

हार्डवेअरच्या दुकानातली चुन्याची फक्की आणून काम होईल का, हा प्रश्न काकांनी विचारला, तो सगळेच विचारतात. पांढरं करायला होईल. दरजेसाठी नको, कारण पोतं किती दिवस उघड्या हवेत पडून होतं ते कळत नाही. हवा खाल्लेली फक्की म्हणजे खडूची पूड. कळीचा चुना आणला. बागलकोट-लोकापूरकडं चुनखडीचा दगड आहे, तिकडून तो मिळतो. भट्टीतून ताजा आला की ढेकळं वजनाला हलकी असतात आणि पाण्यात टाकली की लगेच उकळी फुटते.

भिजवायला लोखंडी पिंपं घेतली. प्लास्टिकचं पिंप त्या उष्णतेत वाकतं, आणि वाकलेल्या पिंपातून उकळता चुना पायावर येणं ही चेष्टा नाही. आधी पाणी, मग चुना, हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. डोळ्याला चष्मा, हाताला रबरी मोजे, आणि शेजारी साध्या पाण्याची बादली. मेस्त्रीच्या पोरांना मोजे नको होते. सिमेंटमध्ये हात घालून त्यांची कातडी राठ झालेली. पहिलं पिंप उकळताना बघितल्यावर त्यांनी स्वतःहून मोजे घातले. थंड झाल्यावर चाळून, वर चार बोटं पाणी ठेवून, तो खड्ड्यात मुरत ठेवला. महिना तरी मुरवायचाच. मेस्त्रीच्या सासऱ्यांच्या मते सहा महिने. सासरे वडार समाजातले, तरुणपणी घाणीवर चुना मळलेले. दगडी चाक, गोल खाच, बैल, सगळं त्यांनी केलेलं. बोलायचे कानडीत, मध्ये मध्ये मराठी. ते रोज संध्याकाळी येऊन खड्ड्यातला चुना काठीनं ढवळून बघायचे आणि "सुण्ण चलो अदा", म्हणजे चुना चांगला आहे, म्हणून जायचे.

सुरखीसाठी विकतची विटेची पूड घेतली नाही. आजच्या विटा पुष्कळदा जास्त भाजलेल्या, आणि पुडीत काय काय असतं देव जाणे. छपरावरची जुनी नळीची कौलं उतरवून परसात रचलेली होती, कमी आचेवर भाजलेली. फुटकी निवडून कांडली, चाळली. नदीची वाळू मिळणं आता मुश्किल. क्रशरची वाळू आणली, पण तिच्यात भुकटी फार. ती धुऊन काढल्याशिवाय माल आकसून तडकतो.

परसातल्या गोठ्याच्या भिंतीवर तीन वेगवेगळ्या प्रमाणांचे नमुने भरून बघितले. एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू हा नमुना तडकला नाही, आणि खिळ्यानं ओरखडला तर जुन्या मालासारखा बोलला. दगडापेक्षा मऊ, पण भुसभुशीत नाही. तोच ठरला. गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घालावा असा सासऱ्यांचा आग्रह होता. एका नमुन्यात घातला. वाईट काही झालं नाही, पण मुंग्या लागल्या. चुना मुरलेला आणि वाळू धुतलेली असेल तर दरजेच्या कामाला गुळावाचून अडत नाही, असं मला वाटतं. त्यांना तसं वाटत नाही.

मेस्त्रीचा शेवटपर्यंत एकच प्रश्न होता: "साहेब, घमेल्याला मूठभर सिमेंट टाकूया की. धरंल तरी." मूठभर सिमेंटनं चुन्याला ताकद येत नाही. थोडं सिमेंट चुन्याच्या जाळ्यात विस्कटून बसतं, धड ना सिमेंटचं काम होतं ना चुन्याचं, आणि सिमेंटमधले क्षार मात्र भिंतीत जातात. ज्या क्षारांशी भांडण होतं तेच घरात आणायचे. सिमेंटचं पोतंच आवारात ठेवायचं नाही, असं काकांनी ठरवलं. मला ते थोडं जास्त वाटलं होतं, पण मोहाचा विचार केला तर बरोबर होतं.

वेळ कुठली धरायची

मे महिन्यात सगळं कुटुंब गावी असतं, तेव्हाच काम व्हावं असं धाकट्या भावाला वाटत होतं. मे महिना चुन्याला सगळ्यात वाईट. दुपारचं ऊन माल वाळवून टाकतं, वळवाची सर आली की तो वाहतो, आणि महिन्याभरात खरा पाऊस. वळचण आणि चराचं काम त्या उन्हाळ्यात उरकलं, पाऊस जाऊ दिला. उठाव काढायला सुरुवात दिवाळीनंतर, भरणी शिमग्याच्या आत संपवायची. मग पावसापर्यंत दरजेला तीन महिने तरी हवा खायला मिळतात.

भिंतीवरचं काम

उठाव काढण्यातच सगळ्यात जास्त मजुरी गेली. ग्राइंडर लावला तर दिवसात भिंत मोकळी होते, पण चिऱ्यांच्या कडा सरळ नसतात आणि चाक सरळच जातं. दर दोन चिऱ्यांमागे एकाची कड जाते. आडव्या रुंद दरजेत, सिमेंटच्या मधोमध एक चीर पाडण्यापुरता ग्राइंडर चालेल, बाकी अरुंद छिन्नी आणि हलका हातोडा, असं ठरलं. उभ्या दरजांत ग्राइंडर नाहीच. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, आणि काही झालं तरी इंचभर. जुना चुना जिथं घट्ट लागला तिथं थांबायचं, उगाच उकरायचं नाही. एका वेळी हात-दोन हात जागाच मोकळी करायची, कारण आतली भर ढिली होती. जे चिरे दोन इंचांहून जास्त खाल्ले गेले होते ते बदलले. खाणीतून नुकता काढलेला जांभा मऊ असतो, हवेवर तो कडक होतो, म्हणून नवे चिरे पावसाळ्याआधीच आणून परसात उघड्यावर ठेवले होते.

भरणीच्या आदल्या संध्याकाळी भिंत भिजवायची, सकाळी पुन्हा. जांभा तहानलेला. कोरड्या चिऱ्याला माल लावला की तो त्यातलं पाणी क्षणात ओढून घेतो आणि दरजेत उरते पूड. सिमेंटवर वाढलेल्या गवंड्यांचा हात पातळ मालाला सरावलेला असतो. चुन्याचा माल भाकरीच्या पिठाहून घट्ट हवा, मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि तळवा कोरडा राहावा. मिक्सरमध्ये त्याचे गोळे होतात. पाणी न वाढवता लाकडी दांड्यानं कुटून कुटून तो मऊ करावा लागतो. पोरं पाणी मागायची, सासरे दांडका पुढं करायचे.

थापीनं दरज भरत नाही, लिंपली जाते. दरजेच्या रुंदीची लोखंडी पट्टी करून घेतली, तिनं माल मागं कोंबायचा. खोल दरजा एका दमात भरायच्या नाहीत. एक थर ओढू द्यायचा, म्हणजे थोडा घट्ट होऊ द्यायचा, मग दुसरा. रुंद जागी जांभ्याच्या कपच्या मालात दाबून बसवायच्या, त्यानं चुना कमी लागतो आणि आकसतही कमी. शेवटी दरज चिऱ्याच्या कडेच्या किंचित आत ठेवायची, चिऱ्याच्या तोंडावर सारवायची नाही. मेस्त्रीला हे अपुरं काम वाटायचं. माल अंगठ्याला दबेल पण चिकटणार नाही इतका ओढला की काथ्याच्या ताठ ब्रशनं त्यावर ठोकायचं, घासायचं नाही. त्यानं बारीक तडे मिटतात आणि वरची चुन्याची साय निघून वाळूचा दाणा उघडा पडतो. वाफ बाहेर यायला तो उघडाच हवा.

मग गोणपाट. पश्चिमेचं ऊन दुपारी दोननंतर भिंतीवर येतं, म्हणून बाहेर शेडनेट आणि आत ओला गोणपाट, दिवसातून तीन-चार वेळा फवारा. किमान दोन आठवडे. ही जबाबदारी काकूंनी घेतली आणि मेस्त्रीपेक्षा चोख पार पाडली. एकच जागा राहिली: वायव्येचा कोपरा सगळ्यात शेवटी भरला आणि गावच्या जत्रेत दोन दिवस त्याच्याकडं कुणाचंच लक्ष गेलं नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर

श्रावणात भिंत ओली होती, तशी ती असणारच. दिवाळीच्या सुमाराला बाहेरचे चिरे सुकले होते, दरजांवर पांढरा लोणा धरला होता. काका घाबरले. पण लोणा दगडावर नसून दरजेवर आहे, ही चांगली खबर. तो कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करायचा. पाण्यानं धुतला की पुन्हा भिंतीत जातो. आतली ओलीची रेघ कमरेवरून घोट्याच्या थोडी वर आली आहे. पूर्ण गेलेली नाही. इतकी वर्षं साठलेलं पाणी आणि क्षार एका हंगामात निघत नाहीत, आणि आतला फुगलेला गिलावा काढून तिथं चुन्याचा गिलावा करायचं काम भिंत आणखी वाळेपर्यंत मुद्दाम थांबवलंय. धाकट्या भावाला आतून रंग हवा असेल तर चुन्याचाच, नीळ घालून. त्यांनी ऑइलपेंट म्हटलं होतं. ते आता म्हणत नाहीत.

वायव्येचा कोपरा मात्र गेला. कोरड्या पडलेल्या दरजा बोटानं ओढल्या की निघत होत्या. पावसानंतर तेवढा भाग उकरून पुन्हा भरला. खड्ड्यात चुना शिल्लक होता, पाण्याखाली झाकलेला, आणि आधीपेक्षा लोण्यासारखा चांगला झालेला.

पूर्वेच्या भिंतीवरचे सिमेंटचे उठाव तसेच ठेवलेत. तिकडं पाऊस कमी लागतो, चिरे फारसे खाल्ले गेलेले नाहीत आणि सिमेंट घट्ट बसलंय. ते आज काढायला गेलं तर निम्म्या चिऱ्यांचं तोंड सोबत येईल. जिथं उठाव स्वतःहून सुटून पोकळ वाजायला लागतील तिथं दरवर्षी दिवाळीनंतर तेवढेच काढून चुना भरायचा, असं काकांशी ठरलंय. पट्टी आणि काथ्याचा ब्रश मेस्त्रीनं त्यांच्याकडंच ठेवलाय.